मेलखालचा माझा फोटो

कंपनीतून जाणाऱ्या माझ्या प्रत्येक मेलच्या तळाशी माझा फोटो असायचा. नाव, हुद्दा, कारखान्याचा पत्ता, आणि डाव्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा मी. चेहरा बरा आला होता. त्या फोटोच्या वरचा मजकूर मात्र साडेतीन वर्षं दुसऱ्याच माणसानं लिहिला. मला विचारलं गेलं तेव्हा तो माझा आहे असं मी सांगितलं. त्यामुळे त्या माणसाला मिळायची ती नोकरी मिळाली नाही. हे मी घरीही सांगितलेलं नाही. इथं लिहायला बसलोच आहे, तर सरळ लिहितो.

तारापूर एमआयडीसीत मला बावीस वर्षं झाली. कापड रंगवायला लागणारी रसायनं करणारा मध्यम कारखाना, त्यात मी डिस्पॅचला. माल कधी निघणार, निघाला असेल तर कुठं पोचला, पोचला नसेल तर का नाही, हे गिऱ्हाइकाला कळवणं माझं काम. मी मूळचा सोलापूरकडचा. बोईसरला आलो तेव्हा हे सगळं फोनवर चालायचं, आणि फोनवर मी चांगला होतो. हिंदीत थोडा आवाज चढवायचा, मध्येच हसायचं, 'हो जाएगा साहब' म्हणायचं. यार्डात उभे असलेले कितीतरी ड्रम मी असे फोनवर रवाना केले आहेत. पुढं सगळं मेलवर आलं, आणि मेल इंग्रजीत. वाचण्यापुरतं माझं इंग्रजी ठीक आहे. लिहायला बसलो की एका वाक्याला पाव तास जातो, आणि पाव तासानं वाक्य वाचलं की ते मीच लिहिलंय हे कुणालाही कळतं.

ती आली ठेकेदाराच्या पटावर, डेटा एंट्रीला. वय चोवीस-पंचवीस. सफाळ्याहून आत डोंगराच्या अंगाला तिचं गाव, घरी पावसाच्या भरवशावरचं थोडं भात. शिकली आश्रमशाळेत, नंतर पालघरच्या कॉलेजात बी.कॉम. रोज पहाटे गावातून जीपनं सफाळे, तिथून गाडीनं बोईसर, तिथून शेअर रिक्षा. एवढं करून नऊला पाच कमी असताना खुर्चीत. मी बेटेगावात राहतो, दुचाकीवर दहा मिनिटं. मी नऊ वीसला यायचो.

आमच्याकडे नियम होता, ठेक्यावरच्या माणसाला मेल आयडी मिळत नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिला मालाची कागदपत्रं मेलनं पाठवायची असायची, म्हणून मी माझा पासवर्ड तिला दिला. असं सगळ्याच विभागांत चालतं. आमच्या इमारतीत ज्याच्या नावानं मेल जातो त्यानंच तो लिहिला असेल, असं समजायचं कारण नाही.

पहिला मेल मला आठवतो. एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती, दोन ड्रम कमी आले म्हणून. मी चहाला निघता निघता तिला सांगितलं, "लिही, ट्रान्सपोर्टवाल्याचा घोळ झालाय, चौकशी चालू आहे."

"पन सर, ते दोन ड्रम आपल्याच यार्डात उभे हायत. मी येताना बघितले."

"त्यांना कुठं दिसतायत?"

"मला दिसले ना."

मी चहा पिऊन आलो तेव्हा मेल गेला होता. तुमचे दोन ड्रम आमच्याच यार्डात राहिले, मी ते आज सकाळी पाहिले, उद्या अकराच्या गाडीत चढतील, गाडी गेटबाहेर पडली की मी पुन्हा लिहीन. एवढाच मजकूर. माफी नाही, खेद नाही. मी तिला झापलं. दुपारी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं: आभारी आहे, आता मला त्याप्रमाणे काम लावता येईल. न पोचलेल्या मालाबद्दल कुणी माझे आभार मानले, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडलं.

त्यानंतर मी तिला झापलं नाही. एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. ती टाइप करायची, मी बघायचो. "मालाचं खरं काय हाय ते सांगा सर, मंग मी लिवते," असं म्हणून कीबोर्डवर हात ठेवून थांबायची. खरं काय ते मला बऱ्याचदा माहीत नसायचं. मग मला उठून यार्डात जावं लागायचं, लॉट तपासायला कुठं अडकलाय ते लॅबमध्ये विचारावं लागायचं. बावीसपैकी पहिली अठरा वर्षं मी एवढा चाललो नव्हतो.

गिऱ्हाइकांचे फोन कमी झाले. एका मीटिंगमध्ये आमच्या प्लांट हेडनी विचारलं, "डिस्पॅचच्या तक्रारी निम्म्यावर आल्यात. काय केलंत?"

"फॉलोअप वाढवला, साहेब," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. फक्त कुणी वाढवला ते मी सांगितलं नाही.

मग मुंबईच्या ऑफिसातून फोटोचं फर्मान आलं. यापुढे प्रत्येक मेलखाली लिहिणाऱ्याचा फोटो असेल. प्लांट हेडनी सगळ्यांना बोलावून समजावलं. "गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की पलीकडे माणूस आहे."

"आतापर्यंत काय वाटत होतं, साहेब?" मेंटेनन्सवाल्यानं विचारलं.

"तक्रारी वाचा, कळेल."

बोईसरहून स्टुडिओवाला बोलावला. कारखान्यात ताजा रंग दिलेली भिंत एकच होती, सांडपाण्याच्या प्लांटची, तपासणीला माणसं यायची म्हणून नुकतीच रंगवलेली. त्या भिंतीसमोर आमचे फोटो निघाले. वास फोटोत येत नाही, पण नीट पाहिलं तर बऱ्याच जणांनी श्वास धरलेला दिसतो. बॉयलरवाला हेल्मेट काढेना. म्हणाला, "बावीस साल से इसी में हूँ, बिना इसके कोई पहचानेगा नहीं." स्टोअरकीपरनं फोटो काढूनच घेतला नाही, आदल्या खंडेनवमीच्या यंत्रपूजेचा दिला. त्यात त्याच्या कपाळावर गंध आणि खांद्यावर शेजारच्याचा हात आहे. हात कापता आला नाही. अजूनही त्याच्या मेलखाली तो हात जातो.

विभागाची यादी मी केली. माझं नाव, माझ्या हाताखालच्या कायम माणसाचं नाव. यादी टाइप तिनंच केली.

"सर, एवढीच नावं?"

"मेल आयडी आहे त्यांचेच फोटो आहेत."

"हां," ती म्हणाली, "बरोबर हाय."

फोटोच्या वेळी ऊन आडवं येत होतं. तोंडावर उजेड वळवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता कुणीतरी धरायला हवा होता. स्टुडिओवाल्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तिला हाक मारली. माझा फोटो निघेपर्यंत ती तो तक्ता धरून उभी होती. "सर, हसा की थोडं," ती म्हणाली, "गिऱ्हाईक घाबरंल."

माझे तीन फोटो आले. मेलखाली फोटो चिकटवायचा कसा ते मला येत नव्हतं, तिनंच बसवला. तिन्ही पडद्यावर लावून बघितले आणि मधला निवडला. "ह्यात तुमी ऐकताय असं वाटतं."

फोटो लागला आणि गिऱ्हाइकं त्या चेहऱ्याशी बोलायला लागली. मला हे अपेक्षित नव्हतं. आधी 'डिअर सर' असायचं, आता नावानं लिहायला लागली. कुणी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. अहमदाबादकडच्या एका कापड रंगवणाऱ्या कंपनीत खरेदी बघणाऱ्या बाई होत्या, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी लिहिलं की मला खरं सांगणारा माणूस अखेर दिसला, आणि मी कल्पना केली होती तसाच तो दिसतो.

तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसली. "घ्या सर. बाईंनी कल्पना केली तसेच हाव तुमी."

मीही हसलो. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी घरी जाताना आरशात बघितलं. दुचाकीच्या.

त्या वर्षी भात लावणीला ती आठ दिवस सुटीवर गेली. घरी माणसं कमी पडत होती. त्या आठ दिवसांत मेल मी लिहिले. 'माल लवकरच पाठवण्यात येईल, कृपया सहकार्य करावे', या धर्तीचे. चौथ्या दिवशी अहमदाबादच्या बाईंचं उत्तर आलं. तुमची तब्येत बरी आहे ना? हे तुमचं लिहिणं वाटत नाही.

 मी लिहिलं की ताप आहे.

बाईंनी काळजी घ्यायला सांगितलं. आणखी दोघा गिऱ्हाइकांनीही, कारण त्यांनाही मी तेच लिहिलं होतं. एकानं काढ्याची कृती पाठवली.

ती परत आली तेव्हा बोटांची पेरं चिखलानं चिरली होती, कीबोर्डची बटणं जपून दाबत होती. तिनं आधी आठ दिवसांचे मेल वाचून काढले.

"सर, ताप आलता तुमाला?"

"नाही."

ती पुन्हा पडद्याकडं वळली. "बाई विचारतात, आता कसं वाटतंय."

"बरा आहे म्हणून लिही."

"ते तुमचं तुमी लिवा, सर. मी मालाचं लिवते."

तिनं खुर्ची सरकवली, मी टाइप केलं. मी आता बरा आहे. मग पुन्हा खुर्च्या बदलल्या आणि खाली तिनं मालाचं लिहिलं. तो एकच मेल आम्ही दोघांनी मिळून लिहिला.

दिवाळीनंतर कंपनीनं एक जागा काढली. गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार बघायचा, कायम नोकरी. ठेकेदाराचा करार मार्चमध्ये संपत होता आणि पुढं होईल असं दिसत नव्हतं. तिनं अर्ज टाकला. अर्जात अनुभवाची चौकट होती, तिथं ती अडली. लिहिणार काय? साडेतीन वर्षांचे सगळे मेल माझ्या नावानं गेलेले, खाली माझा चेहरा. तिच्या हातचा एकही कागद तिच्या नावाचा नव्हता.

"सर, मी काय सांगत नाय. तुमी फकत साहेबांना सांगा, मेल कोन लिवतं."

"सांगतो की."

"कायम झालं तर बोईसरला खोली घेईन," ती म्हणाली. "सहाची जीप सुटंल एकदाची."

मला खरंच सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. मी सांगायच्या आत अहमदाबादच्या बाई आल्या.

मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं वर्षातून एकदा कारखाना बघायला येतात, तशा त्या आल्या. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, पायात बूट, कारण त्यांना प्लांटमध्ये फिरायचं होतं. मी गेटवर उभा होतो. त्यांनी मला लांबूनच ओळखलं आणि हात जोडले. "अब तबियत कैसी है?"

"एकदम ठीक, मॅडम."

मीटिंगच्या खोलीत टेबलाभोवती प्लांट हेड, मी, लॅबचे साहेब, बाई आणि त्यांचा एक माणूस. ती दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर तपासणीच्या अहवालांची फाइल घेऊन. अहवाल मागितला की उठून द्यायचा, एवढ्यासाठी तिला बसवलं होतं. बोलणं हिंदीत होतं, म्हणून माझं चालून गेलं. तासाभरानं बाईंनी पर्समधून एक कागद काढला. छापून आणलेला मेल होता. त्या इंग्रजीत वाचायला लागल्या. मागच्या पावसात आमचा एक लॉट रंगात नापास झाला होता, तेव्हाचा. लॉट आमच्याकडेच बिघडला, रात्रपाळीला तापमान वाढलं आणि कुणी बघितलं नाही, तुम्ही तो वापरू नका, नवा लॉट व्हायला नऊ दिवस लागतील, त्या नऊ दिवसांसाठी दुसरीकडून माल घ्या, मला वाईट वाटणार नाही.

"छब्बीस साल से खरीद में हूँ," बाई म्हणाल्या, "ऐसा लेटर मुझे किसी ने नहीं लिखा. हम पूरे साल का ऑर्डर आपको दे रहे हैं. मेरी एक ही शर्त है, लिखेंगे यही." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

प्लांट हेड माझ्याकडं बघायला लागले. त्यांना माझं इंग्रजी माहीत होतं, माझे रजेचे अर्ज त्यांच्याकडेच जातात. ते मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत?"

ती दाराजवळ होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. 'नाही, साहेब, हिनं', एवढंच म्हणायचं होतं. हात वर करून दाखवलं असतं तरी चाललं असतं. सगळे माझ्याकडं बघत होते, बाईही, अगदी मायेनं.

"हो," मी म्हणालो.

साहेबांनी भुवया उंचावल्या आणि मान हलवली. बाईंनी तपासणीचा शेवटचा अहवाल मागितला. ती उठली, तो तिनं त्यांच्या हातात दिला आणि परत जाऊन बसली.

टेबलावर परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाई चांगल्या हायत." आणि थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "माज्या अर्जाचं बोलायचं राहिलं ना सर?"

"बोलतो."

दहा दिवसांनी संध्याकाळी पावणेसहाला प्लांट हेडचा फोन आला. ती साडेपाचच्या रिक्षानं गेली होती. ते म्हणाले, "तुमच्याकडच्या त्या मुलीचा अर्ज आहे. इंग्रजी पत्रव्यवहार जमेल का तिला? दोन ओळी मेल करा, एचआरला रेकॉर्ड लागतं. आजच."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. चाळीस मिनिटं लागली. मुलगी कष्टाळू आहे. इंग्रजी पत्रव्यवहाराचा अनुभव नाही. शिकवावं लागेल. इंग्रजीत तीन वाक्यं, सगळी माझी स्वतःची.

का लिहिलं, त्याची दोन कारणं आहेत. पहिलं कुणालाही कळेल: दहा दिवसांपूर्वी मी 'हो' म्हणालो होतो, आता तिला येतं असं लिहिलं असतं तर साहेबांनी दोन आणि दोन चार केले असते. दुसरं कारण मोठं होतं. तिला ती जागा मिळाली असती तर ती वरच्या मजल्यावर बसली असती, आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली असती. मला ती खुर्ची भरलेली हवी होती. मार्चनंतर तिला दुसऱ्या ठेकेदाराकडून पुन्हा आपल्याच टेबलावर आणू, असा विचारही मी केला. त्याला मी तिच्या भल्याचा विचार म्हणत होतो.

मेल पाठवला आणि 'सेंट'मधून पुसून टाकला. तेवढं मला येतं.

एक गोष्ट लक्षातच आली नाही. साहेब उत्तर देतील, आणि उत्तराच्या खाली माझा मेल जसाच्या तसा येईल. सकाळी मेल उघडायचं काम तिचं होतं. नऊला पाच कमी असताना तिनं ते उघडलं असणार. मी नऊ वीसला पोचलो. साहेबांचं एका शब्दाचं उत्तर होतं, 'नोटेड'. खाली माझी तीन वाक्यं. त्याच्या खाली मी, ऐकत असल्यासारखा.

ती सरळ बसली होती. हात कीबोर्डवर.

"सर, ह्याला काय उत्तर देऊ?"

मी हेल्मेट खुंटीला लावलं. ते पडलं, पुन्हा लावलं. "राहू दे ते."

"नाय, साहेबांचा मेल हाय. उत्तर द्यायला लागंल. धन्यवाद लिवू?"

 तिनं दोन शब्द टाइप केले, पाठवले, आणि पुढचा मेल उघडला. "इचलकरंजीचा माल कुठं हाय सर? खरं सांगा."

मी यार्डात गेलो. बराच वेळ यार्डातच होतो.

त्यानंतर सहा आठवडे ती होती. मी वाट बघत होतो की ती आता तरी खोटं लिहील, निदान ढिलं लिहील. तिनं तसं केलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत गिऱ्हाइकांना माल कुठं आहे ते बरोबर कळत होतं. फक्त मला फोटोवरून, तब्येतीवरून चिडवणं थांबलं. मार्चच्या अखेरीस ठेका संपला. "येते सर," म्हणाली आणि गेली. मी तिला पुन्हा आणण्याबद्दल बोललो होतो, तेव्हा तिनं "बघू" म्हटलं होतं. तिनं बघितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही.

त्या कायम जागेवर मुंबईहून एक जण आला. चांगला मुलगा आहे. त्याला खेद फार होतो, प्रत्येक मेलमध्ये होतो. माझे मेल पुन्हा मी लिहायला लागलो. अहमदाबादच्या बाईंनी दोनदा विचारलं, सगळं ठीक ना? दुसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि 'डिअर सर'वर आल्या.

आठेक महिन्यांनी तिचा फोन आला. पालघरच्या एका एक्स्पोर्टवाल्या कंपनीत तिची मुलाखत झाली होती. आधी काय काम केलं म्हणून विचारल्यावर तिनं सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला.

"मी म्हनलं, मेल हायत, पन सरांच्या नावावर हायत, खाली सरांचा फोटो हाय. तर ते हसले. म्हनले, लेटर आना. सर, कागद द्याल काय?" आणि जरा थांबून, "नसंल जमत तर तसं सांगा. मी दुसरीकडं बघते."

मी देतो म्हणालो. त्या रविवारी घरी बसून मराठीत लिहिलं. सदर कर्मचारी या आमच्या विभागात कार्यरत असताना त्यांनी इंग्रजी पत्रव्यवहारात मोलाचे साहाय्य केले असून, काही कार्यालयीन कारणास्तव त्यांच्या कामाची स्वतंत्र नोंद होऊ शकली नाही. असं पानभर. वाचून मला समाधान वाटलं. तिला पाठवून दिलं.

तासाभरानं उत्तर आलं. 'सर, त्यांचे साहेब केरळचे हायत, मराठी वाचत नाय. मी इंग्रजीत केलंय. बघा बरोबर हाय का. चुकीचं वाटंल ते काढते.'

खाली पाच ओळी होत्या. या तीन वर्षं सात महिने माझ्या विभागात होत्या. त्या काळात माझ्या नावानं गिऱ्हाइकांना गेलेले जवळजवळ सर्व मेल यांनी लिहिले. मला विचारलं तेव्हा ते मी लिहिले असं मी सांगितलं. यांना अनुभव नाही असंही मी लेखी कळवलं. ते खरं नव्हतं.

चुकीचं काहीच नव्हतं. दोन दिवस मी तो मेसेज उघडून बघत होतो आणि काढण्यासारखं काही सापडत नव्हतं. बायकोनं विचारलं, सारखं काय बघतोस फोनमध्ये. म्हटलं, ऑफिसचं.

बुधवारी कंपनीच्या कागदावर ते छापलं, सही केली. शिक्का प्लांट हेडकडे असतो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही, साहेब. हेसुद्धा तिनंच."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी त्या बाईंसमोर मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं."

"हो."

"ती तिथंच बसली होती."

"हो."

"त्या जागेवर आता माणूस आहे. मी काही करू शकत नाही."

"माहीत आहे, साहेब."

त्यांनी शिक्का मारला. "आणि तुमचं काय करू?" मी म्हणालो, तुम्ही ठरवा. त्यांनी ठरवलं. पुढच्या सोमवारपासून मी वजनकाट्यावर आहे. ट्रक भरून आला की वजन घ्यायचं, रिकामा आला की घ्यायचं. काम मला जमतं. पगार तोच आहे, म्हणून घरी काही सांगावं लागलं नाही. अहमदाबादला साहेबांनी काय कळवलं, कळवलं की नाही, मला माहीत नाही. बाईंना मी स्वतः लिहायला हवं होतं. ते अजून राहिलंय. ते इंग्रजीत लिहावं लागेल ही सबब आता मला स्वतःलाही चालत नाही, बाईंना हिंदी येते.

कागद दिल्यानंतर आठवड्यानं दुपारी काट्यावर असताना फोन वाजला. पालघरच्या त्या कंपनीतून, त्यांचे साहेब. कागद समोर घेऊन बोलत असावेत.

"ये सब मेल उसी ने लिखे? पक्का?"

"पक्का. सब उसी ने."

"आपने कुछ नहीं लिखा?"

"दो-चार लिखे. वो अलग से पता चल जाते हैं."

ते हसले नाहीत. "एक बात बताइए. इतना अच्छा काम था, तो आप लोगों ने उसे रखा क्यों नहीं?"

काट्यावर ट्रक उभा होता. ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून पावती मागत होता. मी त्याला थांब म्हणून खूण केली.

"कंपनी ने मुझसे पूछा था," मी म्हणालो. "मैंने झूठ लिख दिया. वो जाती तो मेरा काम कौन करता."

 मग, "ठीक है. थैंक यू," आणि फोन बंद.

मी वजन घेतलं, पावती फाडून दिली. त्यांनी माझं बोलणं कसं घेतलं ते मला कळलं नाही. असं बोलणारा माणूस ज्याचा दाखला देतो त्याचं काय खरं, असंही त्यांना वाटलं असेल, आणि ही धास्ती मला पुढचे नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी तिचा मेसेज आला. 'सर, एक तारखेपासून या म्हनलेत.' मी अभिनंदन लिहिलं. आणखी काही लिहावं म्हणून बसलो होतो, पण तोवर ती ऑफलाइन गेली होती.